पोलिसाविरुद्ध तक्रार करायचीय? सातारा-सांगलीकडच्या नवख्या माणसासाठी पहिल्या दिवसापासून कोर्टापर्यंत

आपल्याकडं अजून असंच चालतं की पोलिसानं त्रास दिला तर कुणाची तरी ओळख काढायची, साहेबाला भेटायचं, आणि त्या पोलिसाची बदली झाली की विषय संपला. पण बदली ही शिक्षाच नाही ओ. 'कंट्रोलला जमा', 'मुख्यालयाला हजर' हे पेपरात वाचून लोक खूश होतात, त्यानं सर्विस बुकात काडीचा फरक पडत नाही. शिक्षा काय काय असतात ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २५ मध्ये दिलंय, सक्त ताकीद, दंड, पगारवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं, सेवेतून काढणं, बडतर्फी. निलंबन पण बहुतेक वेळा चौकशी चालू असेपर्यंतचंच असतं, ते बघून तक्रारदार घरी बसला की प्रकरण थंड पडतं. आणि तक्रारदार घरी बसतोच, कारण पुढं कुठं जायचं हेच त्याला माहीत नसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी ठरवा, नेमकं झालंय काय

सगळ्या तक्रारी एकाच टेबलावर जात नाहीत. शिवी दिली, अरेतुरे केलं, तक्रार घेतली नाही, दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवलं, हे मुख्यतः शिस्तीचं प्रकरण, त्याचा रस्ता एसपी, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या ऑफिसमधून जातो. मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं, खोटे कागद करणं, विनयभंग हे सरळ गुन्हे आहेत, वर्दी घालून केले म्हणून ते गुन्हे राहत नाहीत असं नाही. पैसे मागितले तर अँटी करप्शन. आणि कोठडीत काही झालं असेल तर त्याची वेगळीच व्यवस्था आहे. एका घटनेत दोन-तीन गोष्टी असतील तर दोन-तीन रस्ते एकदम धरता येतात, विभागीय चौकशी चालू आहे म्हणून गुन्हा दाखल होत नाही असं काही कायद्यात नाही, हे ठाण्यात बिनधास्त सांगितलं जातं म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि पोलिसानं केलेली प्रत्येक गोष्ट चुकीची नसते हे पण बघा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक न करता हजर राहायची नोटीस देणं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणं असतं, तो त्रास नव्हे. उलट बाईमाणसाला, १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावून बसवलं तर ते कलम १७९ च्या विरुद्ध आहे, त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. (१ जुलै २०२४ पासून जुना सीआरपीसी आणि आयपीसी गेला, आता बीएनएसएस म्हणजे वर सांगितलेली नागरिक सुरक्षा संहिता आणि बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहिता, त्यामुळं जुन्या वकिलाच्या तोंडी १५६(३) आलं तर आताचं १७५(३) समजायचं.)

पहिल्याच दिवशीची कामं

मार लागलाय? तर आधी सरकारी दवाखाना. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादांच्या नावाचं सिव्हिल, तालुक्याला असाल तर उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की पोलिसानं मारलंय, कशानं मारलं, कधी मारलं, आणि एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यातली नोंद, करून घ्यायची. लोक इथंच घाबरतात आणि 'गाडीवरून पडलो' म्हणून सांगतात, मग केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि सहा महिन्यांनी कोर्टात तोच केसपेपर पोलिसाचा वकील वाचून दाखवतो. खासगी डॉक्टरचा कागद चालत नाही असं नाही, पण सरकारी कागदाचं वजन जास्त.

दुसरं काम सीसीटीव्हीचं. सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलंय की प्रत्येक पोलीस ठाण्यात दारापासून लॉकअपपर्यंत कॅमेरे पाहिजेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने राहिलं पाहिजे, तेवढं साठवायची सोय बाजारात नसेल तर निदान एक वर्ष. म्हणून घटनेनंतर लगेच एसपींना एक छोटा वेगळा अर्ज द्यायचा, तारीख, वेळ, ठाण्याचं नाव टाकून, की या वेळेतलं फुटेज जपून ठेवा. मूळ तक्रार नीट लिहायला चार दिवस लागले तरी चालतील, हा अर्ज थांबवू नका. पुढं 'त्या दिवशी कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलंच तरी तुम्ही आठवड्याच्या आत मागणी केलेली कागदावर असते, मग बंद का होता याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. रस्त्यावरचा प्रकार असेल तर शेजारच्या दुकानदाराचं फुटेज त्याच दिवशी मागून घ्या, ते डीव्हीआर थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं.

मोबाईलमधलं रेकॉर्डिंग दुसऱ्याला फॉरवर्ड करून मूळ डिलीट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि मूळ फोनच नसेल तर फार पंचाईत होते. ठाण्यात शूटिंग केलं म्हणून ऑफिशियल सिक्रेट्सचा गुन्हा लावू असा दम कुणी दिला तर, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्येच सांगितलंय की पोलीस ठाणं त्या कायद्यातल्या 'निषिद्ध जागे'त बसत नाही. म्हणून उगाच साहेबाच्या तोंडापुढं मोबाईल नाचवायला जाऊ नका पण, सरकारी कामात अडथळ्याचं कलम त्यांच्या खिशातच असतं.

अर्ज कसा लिहायचा

एक-दीड पान पुरे. मी बघितलेल्या बहुतेक अर्जांत सुरुवातीच्या दहा ओळी 'अमानुष', 'दडपशाही', 'खाकी वर्दीतला गुंड' अशा शब्दांत जातात आणि तारीख शेवटपर्यंत सापडत नाही. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला असा अर्ज फार आवडतो, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतंच. साधं लिहा:

'दि. १२ रोजी सायंकाळी ७ च्या सुमारास मी बसस्थानकासमोर रिक्षाची वाट बघत उभा होतो. त्या वेळी वर्दीतील एक अंमलदार आले, छातीवर नावाची पट्टी होती, आडनाव मला वाचता आले, बक्कल नंबर पाठ नाही. त्यांनी माझ्या उजव्या मांडीवर काठीने तीन वेळा मारले. समोरच्या चहाच्या गाडीवरील दोघांनी हे पाहिले आहे. रात्री ९ वाजता मी सिव्हिलला उपचार घेतले, केसपेपरची प्रत सोबत जोडली आहे.'

बस. कुठं मारलं, कशानं, किती वेळा, कुणी बघितलं. नाव माहीत नसेल तर वर्णन, गाडीचा नंबर, ड्युटी कुठं होती ते लिहायचं, नाव शोधणं त्यांचं काम, ड्युटी वाटपाचं रजिस्टर त्यांच्याकडंच असतं. शेवटी नेमकी मागणी टाका, गुन्हा दाखल करा आणि विभागीय चौकशी करा. 'योग्य ती कारवाई व्हावी' लिहिलं की योग्य ती कारवाई म्हणजे 'समज देण्यात आली'.

वाढवून लिहू नका. तीन काठ्या मारल्या असतील तर तीनच लिहा. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, बीएनएसचं कलम २१७, आणि एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या चार पण जातात.

कुणाकडं द्यायचा

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, असेल तर सुरुवात ठाण्यापासूनच करावी लागते, मग तो ठाणेदार स्वतःच आरोपी का असेना, कारण कायदा पायरीनं चालतो. पहिली पायरी बीएनएसएसचं कलम १७३(१), ठाण्यात फिर्याद, हद्द दुसरी असली तरी झिरो नंबरनं घ्यावीच लागते, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर घ्यावाच लागतो हे ललिता कुमारी निकालात सुप्रीम कोर्टानं २०१३ लाच सांगितलंय. तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आता डीवायएसपींच्या, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेवढी मुभा त्यांना आहे. बाईवरच्या लैंगिक गुन्ह्याची फिर्याद घेतली नाही तर न घेणाऱ्यालाच बीएनएसच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने कैद आहे.

घेत नाहीत म्हणाले तर भांडत बसू नका. दुसरी पायरी १७३(४), तीच हकीकत लेखी एसपींना पोस्टानं. सांगलीवाल्यांना विश्रामबागला, सातारकरांना साताऱ्यात. स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद दोन्ही जपा. हाती देणार असाल तर बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या खिडकीवर द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेबांना दाखवतो, ठेवून जा' म्हणणाऱ्याकडं कागद ठेवला की तो कागद नव्हताच असं समजा. जाताना सोबत एक माणूस असावा. पोच मिळाल्यावर त्याचा फोटो घरच्या दोघांना पाठवून ठेवा.

एसपींच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक, सगळे त्यांना आयजी म्हणतात, सातारा-सांगली दोन्ही त्यांच्याकडं येतात. डीवायएसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर प्रत तिथं द्याच. एकदम मुख्यमंत्री, गृहमंत्री, राष्ट्रपती अशा पंधरा प्रती काढणारे पण असतात. त्या सगळ्या फिरून फिरून त्याच एसपी ऑफिसच्या अर्ज शाखेत येऊन पडतात.

मग आत काय होतं

अर्ज बहुतेक वेळा चौकशीला उपविभागाकडं, म्हणजे कराड, फलटण, विटा, जत असा जिथला असेल तिथल्या डीवायएसपीकडं जातो. तुम्हाला जबाबाला बोलावतात. जबाब स्वतः वाचल्याशिवाय सही नाही, चष्मा विसरला असेल तर दुसऱ्या दिवशी या. आणि इथंच एक जुना डाव आहे, नीट वाचा. हवालदार गोड बोलून चहा पाजतो, 'दादा, त्याला बी लेकरंबाळं हायत, मिटवून टाकू' म्हणतो आणि जबाबाच्या शेवटी एक ओळ येते, 'सदर अर्जाबाबत आता माझी काही एक तक्रार नाही.' त्याखाली सही झाली की अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे फाईल बंद. मिटवायचं असेल तर खुशाल मिटवा, तुमचा प्रश्न आहे, पण ती ओळ वाचून मिटवा.

प्राथमिक चौकशीत तथ्य दिसलं तर विभागीय चौकशी लागते. तिथं तुम्ही पक्षकार नसता, साक्षीदार असता, तारखेला बोलावलं की जायचं, समोरून उलटतपासणी होते. पुरावा कोर्टाइतका कडक लागत नाही म्हणून कोर्टात सुटलेला माणूस चौकशीत दोषी ठरू शकतो, आणि उलटं पण.

काहीच कळवत नसतील तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि मोजकं मागायचं, अमुक आवक नंबरच्या माझ्या अर्जावर काय कारवाई झाली, चौकशी कुणी केली, अहवालाची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'कारवाई का केली नाही' याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही.

कोर्ट

ठाणं झालं, एसपी झाले, तरी हलत नाही, मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. इथं दोन वाटा. एक १७५(३), कोर्टानं पोलिसांना तपासाचा हुकूम द्यावा, अर्जासोबत शपथपत्र लागतं, आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांचे कागद लागतात, म्हणून वर पोचेवर एवढं डोकं खाल्लं. दुसरी वाट २२३ ची खासगी फिर्याद, तिथं साक्षीदार तुम्हालाच उभे करायचे.

नव्या कायद्यात एक वळण आलंय. कृत्य सरकारी काम करताना घडलेलं असेल तर दंडाधिकारी हुकूम देण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात आणि त्या पोलिसाचं म्हणणं पण बघतात, १७५(४) आणि २२३(२). म्हणजे वेळ लागणार, आणि समोरच्याला आधीच कुणकुण लागणार.

त्याच्या पुढं मंजुरीचा डोंगर, कलम २१८, जुनं १९७. काम बजावताना किंवा बजावतोय असं समजून केलेल्या कृत्याबद्दल सरकारची मंजुरी नसेल तर कोर्ट दखल घेत नाही. मग कोठडीतली मारहाण हे 'काम' आहे का? खरी झुंज याच प्रश्नावर होते. सुप्रीम कोर्टानं २०२० च्या एका निकालात असं म्हटलंय की अधिकाराबाहेर जाऊन केलं असलं तरी कामाशी वाजवी संबंध असेल तर संरक्षण मिळतं, आणि कामाशी संबंधच नसेल तर मिळत नाही. त्यामुळं फिर्याद लिहितानाच तुमचा वकील हा मुद्दा कसा मांडतो त्यावर पुढचं बरंच ठरतं. नव्या कायद्यात एक चांगलं झालं, मंजुरी मागितल्यावर सरकारनं १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांना तर मंजुरी लागतच नाही.

आणि मुदत! महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ कुणी सांगत नाही. अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो, खटल्यासाठी सरकारची आधी मंजुरी असेल तर दोन वर्षांपर्यंत. अर्जावर अर्ज करत वर्ष घालवलेली माणसं या कलमावर आपटतात. घटनेच्या तारखेपासून चौथ्या महिन्यात वकिलाकडं कागद गेलेले असू देत.

लाच मागितली तर

हे सगळ्यात सरळ काम, एसीबीला, म्हणजे अँटी करप्शनला, १०६४ वर फोन लावा किंवा सातारा, सांगलीतल्या त्यांच्या ऑफिसात जा, पण पैसे द्यायच्या आधी जा. आधी पडताळणी होते, म्हणजे तुमच्याकडं रेकॉर्डर देऊन, सोबत सरकारी पंच देऊन, मागणी खरंच होतेय का ते बघतात. नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते, म्हणून तुम्ही बोलताना 'किती द्यायचे साहेब' एवढं त्यांच्या तोंडून येऊ द्यायचं, आपण आकडा सुचवायचा नाही. मग नोटांचे नंबर लिहून त्यांना अँथ्रासीन पावडर लावतात, साध्या डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली घेणाऱ्याची बोटं निळसर चमकतात. सापळ्यात गेलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळते. आणि जबरदस्तीनं आधीच पैसे दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणारा पण गुन्हेगार धरला जातो, सात दिवसांत कळवणाऱ्याला सूट आहे.

माणूस आत असेल तेव्हा

अटक केली की कारण सांगायचं, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं, मेडिकल, आणि २४ तासांत कोर्टापुढं उभं करणं, प्रवासाचा वेळ सोडून. 'चौकशीला नेलंय, अटक नाही' म्हणून दोन दिवस ठेवलं तर तेही डांबणंच. नातेवाइकांनी त्याच रात्री ११२ वर फोन करावा आणि एसपी ऑफिसच्या कंट्रोलला कळवावं, दोन्हीची वेळ नोंद होते.

रिमांडला नेल्यावर दंडाधिकारी विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?' हा प्रश्न रोजचा, पाच सेकंदांचा, शेजारी तोच पोलीस उभा असतो आणि बहुतेक जण मान हलवून 'नाही' म्हणतात. तक्रार असेल तर इथं 'आहे' म्हणा, अंगावरची खूण दाखवा. ते कोर्टाच्या रोजनाम्यात येतं, मेडिकल तपासणीचा हुकूम मिळू शकतो, आणि नंतर काढलेल्या कुठल्याही अर्जापेक्षा हा एक शब्द जड पडतो. आतल्या माणसाला हे आधी कुणी तरी सांगितलं पाहिजे, म्हणून वकील पहिल्याच दिवशी भेटला पाहिजे. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. कोठडीतला माणूस, बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता वकील फुकट.

कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कलम १९६ नं सक्तीची, २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. आपल्याकडं हे पुस्तकातलं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर ठाण्यात पकडून आणलेल्या तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचा आरोप झाला, आणि सुरुवातीला सांगितलं काय, तर आरोपी पळून गेले. तपास सीआयडीकडं गेला आणि उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. म्हणून 'तुमचा माणूस पळाला' असं कधी ऐकायला मिळालं तर घरी जाऊन वाट बघत बसायचं नाही, त्याच तासाला लेखी द्यायचं. फलटणच्या डॉक्टर तरुणीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये आत्महत्या केली, उपनिरीक्षकावर बलात्काराचा गुन्हा आणि अटक झाली. तिनं पोलिसांच्या दबावाबद्दल आधीच लेखी तक्रार केली होती हे नंतर बाहेर आलं. लेखी असूनही वेळेत हललं नाही, हा त्यातला सगळ्यात टोचणारा भाग.

पोलिसांच्या बाहेरच्या जागा

प्रकाश सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये आदेश दिला म्हणून पोलीस तक्रार प्राधिकरण आलं, महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीनं. राज्याचं मुंबईत, आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी विभागीय पुण्याला, तिथं अध्यक्ष निवृत्त प्रधान जिल्हा न्यायाधीश. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन-घर बळकावणं अशा तक्रारी तिथं चालतात. ते स्वतः शिक्षा देत नाहीत, अहवाल सरकारकडं जातो, पण पोलिसाला तिथं येऊन उत्तर द्यावं लागतं आणि तुम्हाला त्याचं लेखी म्हणणं बघायला मिळतं, मला तरी हा रस्ता लोक वापरतात त्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. मानवाधिकार आयोगाकडं जायचं तर एका वर्षाच्या आत, आणि राज्य किंवा राष्ट्रीय यापैकी एकीकडंच.

हायकोर्टासाठी आता मुंबईची गाडी धरायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय, सातारा आणि सांगली दोन्ही त्यात. तपास दुसऱ्या यंत्रणेकडं द्या, फुटेज हजर करा, बेकायदा अटकेची भरपाई द्या, अशा मागण्यांची रिट तिथं लागते. जाताना फाईल तारखेच्या क्रमानं लावलेली असावी, सगळ्यात वर दवाखान्याचा केसपेपर, त्याखाली फुटेजचा अर्ज, मग पोच आणि पोस्टाच्या पावत्या. झेरॉक्स तीन सेट, मूळ कागद वकिलाला पण द्यायचे नाहीत.